‘पिकअप’ कळते, मग ‘गिव्ह अप’ का अडते?

यवतमाळ-वर्धा रस्त्यावरच्या कळंबला इंग्रजी कितपत चालते, असा प्रश्न ज्याला पडेल त्याने तिथल्या बाजारात थोडा वेळ कान देऊन उभे राहावे. कापूस भरायला थांबलेला शेतकरी ‘पिकअप आली का?’ म्हणून विचारतो. ‘त्याचा फोन स्विच ऑफ येऊन रायला,’ अशी तक्रार मोबाइलच्या दुकानात कानी पडते. एसटीचा ब्रेकडाउन होतो, मैदानावर पोरगा रनआउट होतो, दवाखान्यात चेकअप होतो, बारावीच्या निकालानंतर घरोघरी कटऑफची चर्चा होते. 2020 पासून तर ‘लॉकडाउन’ हा शब्द इंग्रजीचे अक्षरही न शिकलेल्या आजीच्या तोंडी बसला आहे.

हे सारे शब्द एकाच कुळातले. एक साधे क्रियापद आणि त्याला लागून आलेले अप, डाउन, ऑफ, आउट असे एखादे छोटे अव्यय. या जोडीला इंग्रजी व्याकरणात फ्रेजल व्हर्ब म्हणतात. नाम होऊन आली की ही जोडी आपल्याला सहज पचते. वाक्यात क्रियापद म्हणून समोर आली की मात्र चांगला अभ्यास करणारा विद्यार्थीही थबकतो. ‘ही गेव्ह अप हिज जॉब’ या वाक्यातले पाचही शब्द त्याला येतात, अर्थ तेवढा येत नाही. गिव्ह म्हणजे देणे, अप म्हणजे वर. मग नोकरी वर दिली म्हणजे काय केले? ‘सोडली’ हे उत्तर या दोन शब्दांच्या बेरजेतून निघत नाही.

ही अडचण खरी आहे. पण तिच्यावरचा नेहमीचा उपाय, म्हणजे शे-दोनशे जोड्यांची यादी अर्थांसकट घोकणे, फारसा कामाचा नाही. यादी परीक्षेपर्यंत टिकते आणि बोलायची वेळ आली की हात वर करते. त्यापेक्षा चांगला उपाय मराठी माणसाच्या तोंडात आधीपासून आहे. ही रचना आपल्या भाषेला परकी नाही, हे एकदा ध्यानात आले की निम्मे काम होते.

अर्थाचे तीन थर

फ्रेजल व्हर्ब अर्थाच्या दृष्टीने तीन थरांत मोडतात. पहिल्या थरात अव्यय खरोखरच दिशा सांगते. सिट डाउन, स्टँड अप, कम इन, गो आउट यांत काहीच कोडे नाही. कळंबच्या चिंतामणी गणपतीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली असल्याने दर्शनाला पायऱ्या उतरून जावे लागते. ‘वुई गो डाउन टू द टेम्पल अँड कम अप अगेन’ या वाक्यात डाउन म्हणजे खाली आणि अप म्हणजे वर.

दुसऱ्या थरात दिशा हरवते, छटा उरते. ‘ईट अप युअर राइस’ म्हणजे ताटातला भात संपवून टाक. इथे वर काहीच जात नाही. अप सांगते ते काम पुरे झाल्याचे. ‘द वेल ड्राइड अप’ म्हणजे विहीर पार आटली. नुसते ‘ड्राइड’ म्हटले असते तर तो ठार कोरडेपणा आला नसता.

तिसऱ्या थरात मूळ शब्दांचा मागमूसही लागत नाही. ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणे, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे, ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. विद्यार्थी घाबरतो तो या थराला, पण रोजच्या बोलण्यातला मोठा भाग पहिल्या दोन थरांतच भागतो.

एकच जोडी या तिन्ही थरांत वावरू शकते. कापसाच्या मुलखातलेच उदाहरण घेऊ. नुसते ‘पिक’ म्हणजे वेचणे: ‘दे आर पिकिंग कॉटन’, बाया कापूस वेचत आहेत. त्याला अप लागले की ‘पिक अप द सॅक’, पोते उचल. ‘आय विल पिक यू अप अ‍ॅट द स्टेशन’, मी तुला घ्यायला स्टेशनवर येतो. ‘शी पिक्ड अप मराठी फ्रॉम हर नेबर्स’, शेजाऱ्यांचे ऐकून ऐकून ती मराठी शिकली. ‘बिझनेस पिक्स अप बिफोर दिवाळी’, दिवाळीआधी धंदा जोर धरतो. माल उचलणारी ती पिकअप गाडी आणि मोटारसायकलचा कमी-जास्त होणारा पिकअप ही याच जोडीची नामे.

अडते ते कुठे?

मराठीत वर, खाली, आत, बाहेर हे शब्द बहुधा नामाच्या पाठीला चिकटतात: झाडाखाली, ओट्यावर, घराबाहेर. त्यामुळे इंग्रजी वाक्यात ‘ऑन’ किंवा ‘अप’ दिसला की आपले मन जवळचे नाम शोधते आणि त्याला तो शब्द चिकटवून मोकळे होते. ‘टर्न ऑन द लाइट’मध्ये ऑन आणि लाइट शेजारी आहेत, म्हणून ‘दिव्यावर’ असा अर्थ मनात येतो. पण तो ऑन दिव्याचा नाही, टर्नचा आहे.

‘ही रॅन अप द स्टेप्स’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात तो पायऱ्यांवरून धावत वर गेला. अप हा पायऱ्यांचा सोबती. दुसऱ्यात त्याने उधारी वाढवून ठेवली. अप हा रॅनचा सोबती. ओळखायची युक्ती सोपी आहे. ‘ही रॅन अ बिल अप’ असे नाम मध्ये घालून म्हणता येते, ‘ही रॅन द स्टेप्स अप’ म्हणता येत नाही. अव्यय नामाला ओलांडून पलीकडे जाऊ शकत असेल, तर ते क्रियापदाचे आहे असे खुशाल समजावे.

खाऊन टाक, लिहून ठेव, निघून जा

आता मराठीकडे वळू. ‘टाकणे’ म्हणजे फेकणे, पण ‘खाऊन टाक’ म्हणताना आपण काही फेकायला सांगत नाही. ‘तो भलतेच बोलून गेला’ या वाक्यात कोणी कुठे जात नाही. नकळत तोंडून निघाले, एवढाच अर्थ. ‘पैसे देऊन बसला’ म्हणताना माणूस उभाही असेल. टाकणे, जाणे, बसणे, ठेवणे, घेणे, पाहणे, दाखवणे ही क्रियापदे दुसऱ्या क्रियापदामागे लागली की आपला मूळ अर्थ सोडतात आणि पुरेपणा, पश्चात्ताप, तजवीज, प्रयत्न अशा छटा देतात. अशा जोडीला व्याकरणात संयुक्त क्रियापद म्हणतात. इंग्रजी जे काम अव्ययाकडून करून घेते, त्यातले पुष्कळसे मराठी या साहाय्यक क्रियापदांकडून करून घेते.

म्हणून जोड्या अशा लावून पाहाव्यात. ईट अप म्हणजे खाऊन टाक. गिव्ह अवे म्हणजे देऊन टाक. राइट डाउन म्हणजे लिहून घे. ट्राय आउट म्हणजे वापरून पाहा. रीड आउट म्हणजे वाचून दाखव. फाइंड आउट म्हणजे शोधून काढ. गो अवे म्हणजे निघून जा. नुसत्या ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत जो फरक आपल्याला न शिकवता कळतो, साधारण तोच ‘ईट’ आणि ‘ईट अप’ यांत आहे.

दिशेचे शब्द क्रियापदाला जोडायची खोडही मराठीला आहे. उमेदवार अर्ज मागे घेतो. पोरगा गणितात मागे पडतो. लग्न पुढे ढकलतात. सोयाबीनचे भाव खाली येतात. यातला कोणताही मागे-पुढे पायांनी मोजता येत नाही. टेक बॅक, फॉल बिहाइंड, पुट ऑफ, कम डाउन ही त्यांची इंग्रजी भावंडे.

कळंबच्या मुलाकडे तर आणखी एक भांडवल आहे. ‘काय करून रायला?’ हे वऱ्हाडीतले रोजचे वाक्य. ‘काय करतो आहेस?’ हाच त्याचा अर्थ, आणि चालू क्रिया दाखवायचे काम तिथे ‘राहणे’ करते. पुण्याच्या माणसाला ही रचना वेगळी वाटते, कारण त्याच्या बोलीत ‘राहणे’ हे काम करत नाही. साहाय्यक शब्दाची नेमणूक प्रांताप्रांतात बदलते, हे वऱ्हाडी माणसाला कोणी सांगायला नको. इंग्रजीतही तसेच आहे. अर्ज भरायला ब्रिटनमध्ये ‘फिल इन’ म्हणतात, अमेरिकेत ‘फिल आउट’, आणि आपल्याकडे सर्रास ‘फिल अप’.

जुने कोडे

या जोड्यांनी इंग्रजी शिकणाऱ्यांना छळल्याची नोंद जुनी आहे. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने लिहिले की परक्यांना सर्वांत जड जाते ते क्रियापदाला अव्यय जोडून अर्थ बदलण्याचे प्रकरण. म्हणून अशा जोड्या आपण काळजीपूर्वक टिपल्या आहेत, असेही तो सांगतो. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र फार नंतरचे. लोगन पिअर्सल स्मिथने 1925 सालच्या आपल्या पुस्तकात ते वापरले आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचे सांगितले.

आपल्याकडे याच जातीचे कोडे पाणिनीच्या काळापासून ओळखीचे आहे. संस्कृतातला ‘हृ’ हा एक धातू घ्या. त्याला वेगवेगळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द होतात. जेवण आणि कत्तल यांत काय नाते, असे विचारण्यात अर्थ नाही. उपसर्गाने धातूला दूर नेले. असे बावीस उपसर्ग परंपरेने मोजले जातात. वेदांच्या भाषेत उपसर्ग धातूपासून सुटून वाक्यात दूरही बसत असे, आणि पाणिनीने तशी सूत्रे करून ठेवली आहेत. पुढच्या संस्कृतात ही मोकळीक गेली आणि उपसर्ग धातूच्या पुढ्यात कायमचा चिकटला. इंग्रजी अव्यय अजून मोकळे आहे, आणि ते क्रियापदाच्या मागे येते, एवढाच फरक.

पाच अव्यये, पाच कल

प्रत्येक जोडी सुटी शिकण्याआधी अव्ययांचा कल ओळखावा. तो दर वेळी लागू पडेल असे नाही, पण अंदाजाला दिशा मिळते.

अप: पुरेपणा आणि वाढ. यूज अप (वापरून संपवणे), टिअर अप (फाडून टाकणे), स्पीक अप (मोठ्याने बोलणे), ग्रो अप (मोठे होणे).

आउट: बाहेर येणे, उघड होणे, संपणे. फाइंड आउट (शोधून काढणे), वर्क आउट (हिशेब काढणे), रन आउट (संपून जाणे), सेल आउट (सगळा माल विकला जाणे).

ऑफ: सुटणे, तुटणे, थांबणे. स्विच ऑफ (बंद करणे), कट ऑफ (तोडणे), टेक ऑफ (अंगातून काढणे), सेट ऑफ (प्रवासाला निघणे).

डाउन: कमी होणे, बंद पडणे, कागदावर उतरणे. स्लो डाउन (वेग कमी करणे), ब्रेक डाउन (बंद पडणे), नोट डाउन (टिपून घेणे).

ऑन: चालू राहणे. कॅरी ऑन, गो ऑन, कीप ऑन. अंगावर चढवणे हा दुसरा अर्थ: पुट ऑन.

एका दिवसाची वाक्ये

रोजच्या दिनक्रमात बसवल्या की या जोड्या लक्षात राहतात. सकाळी ‘आय वेक अप अ‍ॅट फाइव्ह अँड गेट अप अ‍ॅट हाफ पास्ट’. जाग पाचला येते, उठणे साडेपाचला होते. वेक अप आणि गेट अप यांतला फरक इथे एकाच वाक्यात दिसतो. शेतात ‘टर्न ऑफ द पंप’, पंप बंद कर. ‘वुई हॅव रन आउट ऑफ डिझेल’, डिझेल संपले. शाळेत ‘हँड इन युअर नोटबुक्स’, वह्या जमा करा. बँकेत ‘फिल इन द स्लिप’, स्लिप भरा. घरी ‘माय ग्रँडमदर लुक्स आफ्टर द बेबी’, बाळाला आजी सांभाळते. दवाखान्यात ‘ही केम डाउन विथ फीवर’, तो तापाने पडला.

कळंबला आता रेल्वेही आली आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 रोजी सुरू झाला. प्रवासाच्या जोड्या तिथे उभ्या उभ्या शिकता येतात. गाडीत चढणे म्हणजे ‘गेट ऑन’, उतरणे म्हणजे ‘गेट ऑफ’. बस आणि रेल्वेसाठी हीच जोडी, पण कार किंवा रिक्षा असली की ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. पोचवायला गेलात तर ‘आय वेंट टू सी हिम ऑफ’. गाडी फलाटाला लागली की ‘द ट्रेन पुल्ड इन’.

शब्द कुठे ठेवायचा?

इथे नियम थोडे आहेत, पण पाळावे लागतात. पुष्कळ जोड्यांत नाम मध्ये किंवा शेवटी, कुठेही चालते: ‘टर्न ऑफ द पंप’ किंवा ‘टर्न द पंप ऑफ’. नामाऐवजी सर्वनाम आले की मात्र ते मध्येच बसते: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ हे चूक, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारी चूक हीच. उलट लुक आफ्टर, लुक फॉर, रन इनटू यांसारख्या जोड्या फुटत नाहीत. ‘लुक आफ्टर हर’ बरोबर, ‘लुक हर आफ्टर’ चूक. तीन शब्दांच्या जोड्याही अशाच अभंग: ‘पुट अप विथ इट’.

‘लुक फॉरवर्ड टू’ वेगळी सांगायला हवी, कारण ती अर्जात आणि पत्रात हमखास येते. तिच्यातल्या ‘टू’नंतर क्रियापद आयएनजी रूपात येते. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ असे लिहावे, ‘टू मीट यू’ नव्हे.

उच्चारातही खूण आहे. क्रियापद असताना जोर अव्ययावर पडतो, दोन शब्द सुटे लिहितात. नाम झाले की जोर पहिल्या शब्दावर सरकतो आणि दोन्ही बहुधा जोडून लिहितात. ‘लॉग इन’ करायचे असते आणि ‘लॉगिन’ विसरलेले असते.

बोलीत एक, कागदावर दुसरे

शाळेतून इंग्रजी शिकलेला मराठी माणूस ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘इन्व्हेस्टिगेट’ सहज म्हणतो, पण पुट ऑफ, पुट अप विथ, लुक इनटू त्याच्या तोंडी येत नाहीत. इंग्रजाचे घरात उलटे असते. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालय, विद्या यांत फ्रेंच आणि लॅटिन शब्दांची रीघ लागली; चुलीपाशी आणि शेतात जुने इंग्रजी शब्द राहिले. फ्रेजल व्हर्बची क्रियापदे बहुतेक त्या जुन्या घरातली. म्हणून बोलताना त्या शोभतात, तर सरकारी पत्रात, निकालपत्रात, शोधनिबंधात लॅटिन घराण्यातला शब्द बरा. मराठीतही सभा ‘स्थगित’ होते आणि लग्न ‘पुढे ढकलतात’; तेच तारतम्य इथे ठेवायचे.

आपल्या काही सवयी

काही जोड्यांना भारतात वेगळे अर्थ चिकटले आहेत. ‘मी 2015 ला पासआउट झालो’ असे आपण म्हणतो. ब्रिटन-अमेरिकेतल्या माणसाला ‘आय पास्ड आउट’ म्हणजे ‘मी बेशुद्ध पडलो’ असे ऐकू येते. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावे. बसमधून ‘गेट डाउन’ होणे आपल्याकडे रूढ आहे, बाहेर ‘गेट ऑफ’ म्हणतात. सरकारी कार्यालयात फाइल ‘पुट अप’ होते, म्हणजे वरिष्ठांसमोर ठेवली जाते. हा अर्थ आपल्या कचेऱ्यांबाहेर फारसा कोणाला माहीत नाही. ‘कोप अप विथ’ मात्र सरळ चूक आहे, नुसते ‘कोप विथ’ पुरे. बाकीच्या सवयी भारतात बोलताना खुशाल चालू द्याव्यात. परदेशी कंपनीच्या मुलाखतीला बसताना तेवढे भान असावे.

शिकायचे कसे?

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीचा विद्यार्थी दहा वर्षे ही भाषा शिकलेला असतो. एवढ्या अवधीत सुट्या शब्दांची कमतरता राहत नाही. राहते ती वाक्यांची. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या अनेक पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि तिचे बळ पूर्ण वाक्यांच्या सरावात होते. तेच बळ इथे कामी येते.

म्हणून विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी एवढे करावे. एका आठवड्याला एकच अव्यय घ्यावे. त्याच्या पाच-सहा जोड्या निवडून प्रत्येकीचे वाक्य आपल्या घरातले, शेतातले, शाळेतले करावे. शेजारी ‘इंग्रजी शब्द म्हणजे मराठी शब्द’ असे समीकरण मांडण्याऐवजी ‘खाऊन टाक’, ‘लिहून घे’ असे आपल्या तोंडचे पूर्ण रूप लिहावे. सर्वनाम घालून तेच वाक्य पुन्हा म्हणावे. शंका आली तर विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी कोशात क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी जावे. फ्रेजल व्हर्ब तिथे एकत्र, वाक्यांसह दिलेल्या असतात. यादी पाठ करण्यात जाणारा वेळ या सरावाला द्या, आणि पहिला आठवडा ‘अप’चा ठेवा. सर्वांत जास्त कामाला येणाऱ्या अव्ययांपैकी ते एक आहे, आणि पिकअप, चेकअप, बॅकअपच्या रूपाने ते तुमच्या तोंडी आधीच बसलेले आहे.